आचऱ्याहून दिसणारं गिरणगाव

औद्योगिक शहरांच्या अभ्यासाला हात घालणारा विद्यार्थी बहुधा मँचेस्टरपासून सुरुवात करतो. करावीच. एंगल्सचं १८४५चं पुस्तक आजही खिळवून ठेवतं. कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी १८५६मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांत खडखडणारी बरीच यंत्रंही लँकेशायरचीच. पण तेवढ्यावरून गिरणगावाला मँचेस्टरची धाकटी बहीण समजलं की अभ्यास भरकटतो.

त्यापेक्षा मालवण तालुक्यातल्या आचऱ्यासारख्या गावातून मुंबईकडे बघावं. इथला गडी आगबोटीने मुंबईला उतरायचा आणि गाववाल्याच्या ओळखीने मुकादमापुढे उभा राहायचा. आधी बदली कामगार: सकाळी गिरणीच्या दारात थांबायचं, कोणी खाडा केला असेल तर त्या दिवसाचं काम. राहायला सामाईक गाळा. एकाने पाळीवर जाताना वळकटी गुंडाळली की पाळीवरून आलेला दुसरा तिथेच आपली पसरणार. वर फळीवर ओळीने पत्र्याच्या ट्रंका. जेवण खानावळीत. आईबाप, बायकोमुलं आणि दोन कुणगे भात मात्र गावाला. रजा ठरायची ती गणपती, शिमगा बघून. आचरेकरांना वर गावपळण. रामेश्वराच्या कौलाने अख्खं गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतं, तिथे गिरणीच्या भोंग्याचं कोण ऐकतो?

खरा हिशेब इथे आहे. कामगार वाढला गावच्या भातावर, थकल्यावर परतला गावालाच; गिरणीने पगार दिला तो मधल्या उमेदीच्या वर्षांचा. मजुरी कमी ठेवणं मालकांना परवडलं ते त्यामुळे, असं माझं मत आहे. पण हाच आधार कामगारांच्याही कामी आला. १८९६च्या प्लेगात माणसं गावी पळाली आणि गिरण्यांना मजूर मिळेनात. १९२८चा संप सहा महिने टिकला, त्यात गावच्या पेजेचाही वाटा होता. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हाही कितीतरी कुटुंबांनी कोकण गाठलं. त्या खेपेला मात्र अनेकांना परतायला गिरणीच उरली नाही.

वाचन मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’पासून सुरू करा; त्यात माणसं स्वतः बोलतात. राजनारायण चंदावरकरांचा १९९४चा ग्रंथ जड आहे, पण त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

आणि गावात राहिलेल्या बायका? मनीऑर्डर उशिरा आली तरी लावणी वेळेवर उरकणाऱ्या या बायकांकडे संशोधकांनी फार कमी पाहिलं आहे. त्यांच्याकडे जाताना प्रमाण मराठीतली प्रश्नावली घरीच ठेवा. दुपारच्या जेवणानंतर जा. लावणीच्या दिवसांत मुळीच नको.