आगीचे ज्ञान कोणाकडे असते? मुंबई गोदी ते उद्यमबाग

एप्रिलची १४ तारीख आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून साजरी करतो, आणि ते उचितच आहे. याच तारखेला देशभरातील अग्निशमन दलांचे जवान आपापल्या केंद्रांवर रांगेने उभे राहून काही क्षण मौन पाळतात, आणि पुढे आठवडाभर शाळांतून व कारखान्यांतून प्रात्यक्षिके होतात. ही तारीख कोठून आली, हे मात्र प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे मूळ १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटात आहे.

आमच्या घरी ही आठवण निघे ती आजोबांच्या तोंडून. त्यांचे एक मावसबंधू मस्जिद बंदरच्या एका पेढीवर कारकून होते. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, पलीकडचे शहापूर सांगली संस्थानात होते, आणि पोटासाठी मुंबई गाठणे ही आपल्याकडील कुटुंबांत नित्याची गोष्ट होती. स्फोटानंतर चौथ्या दिवशी ते गृहस्थ बेळगावच्या स्थानकावर उतरले, तेव्हा अंगावरील कपड्यांखेरीज त्यांच्याजवळ काहीही नव्हते. काय झाले, असे विचारले की ते म्हणत, "बोलू नका असे सांगितले आहे." आजोबांना त्याचा राग येई. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आग माणसाने घरच्यांनाही सांगू नये, हे त्यांना पटत नसे. पुढे नोकरीत असताना या विषयाचे कागद हाताळण्याचा प्रसंग माझ्यावर आला, तेव्हा आजोबांच्या त्या रागाचे मोल मला कळले.

'फोर्ट स्टिकिन' हे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यावर सुमारे चौदाशे टन दारूगोळा व स्फोटके, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरवून रिकाम्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, वंगणाची पिंपे, लाकूड, गंधक, भंगार असा मिळेल तो माल भरण्यात आला. कापूस आणि स्फोटके जवळजवळ ठेवू नयेत, हे जहाजावरील माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु युद्धाचे दिवस होते आणि जागा रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या गोदीत लागले. स्फोटके असल्याची खूण म्हणून चढवावयाचे लाल निशाण त्यावर नव्हते.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास क्रमांक दोनच्या कप्प्यात आग असल्याचे जहाजावरील लोकांना कळले. आजूबाजूच्या जहाजांवरील काही जणांनी त्याआधी तासभर तरी त्या जहाजाच्या झरोक्यातून धूर निघताना पाहिला होता. ज्याचे जहाज त्याला ठाऊक असेलच, अशा समजुतीने कोणी काही बोलले नाही. मला तर त्या दिवसाचा सारा इतिहास या एका तासात दिसतो. अग्निशमन दलाला गेलेली पहिली वर्दी साध्या आगीची होती, त्यामुळे आरंभी दोनच बंब आले. दारूगोळ्याचे अधिकारी, गोदीचे अधिकारी, कप्तान आणि दलाचे प्रमुख असे चार जाणते लोक धक्क्यावर एकत्र आले होते. जहाज बुडवावे, समुद्रात ओढून न्यावे की पाण्याचा मारा चालू ठेवावा, असे निरनिराळे विचार निघाले. परंतु साऱ्यांच्या वतीने एक आज्ञा देण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही नव्हता. नऊशे टनांहून अधिक पाणी कप्प्यात ओतले गेले. पाण्यावर तरंगणारा जळता कापूस वरच्या स्फोटकांकडे चढत गेला, असे नंतरच्या वृत्तांतांत वाचावयास मिळते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले, आणि सोन्याची एक वीट मैलभर दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली. मुंबईकर आजही विटेची गोष्ट चवीने सांगतात. पण त्या धक्क्यावर नळ्या धरून उभे असलेले ६६ अग्निशामक मृत्यू पावले, ते बोलण्याच्या ओघात मागे पडतात. एकंदर मृतांचा आकडा आठशे ते तेराशे यांच्या दरम्यान सांगितला जातो, आणि सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले.

आता आजोबांच्या रागाकडे येतो. ही बातमी जगाला प्रथम कळली ती दुसऱ्या दिवशी जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओवरून. मुंबईतून सविस्तर वृत्त पाठविण्यास परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शत्रूला कळू नये म्हणून दडविलेली बातमी शत्रूनेच सांगितली. अंधारात राहिले ते आपलेच लोक.

तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या बंदरात 'ग्राँकाँ' या जहाजावरील अमोनियम नायट्रेटला आग लागली. माल भिजून खराब होऊ नये म्हणून कप्तानाने झाकणे बंद करून आत वाफ सोडण्याची आज्ञा दिली. हा पदार्थ जळताना स्वतःचाच प्राणवायू पुरवितो, त्यामुळे त्याला कोंडून विझविता येत नाही. १९२१ साली जर्मनीतील ओपाऊ येथे याच जातीच्या खताच्या स्फोटात पाचशेहून अधिक माणसे मेली होती. पण जर्मनीतील तो धडा टेक्सासच्या धक्क्यापर्यंत पोहोचला नव्हता. केशरी धूर पाहण्यास गर्दी जमली, आणि सकाळी सव्वानऊच्या आधीच सारे संपले. मृतांची संख्या सुमारे ५८१ होती आणि गावच्या अग्निशमन दलातील २८ पैकी २७ जण त्यांत होते. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये बैरूतच्या बंदरात २,७५० टन नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हाही आत काय आहे हे न सांगताच दहा जणांचे पथक आग विझविण्यास धाडले गेले होते.

टेक्सास सिटीने मात्र पुढे एक गोष्ट केली, आणि ती येथे विस्ताराने सांगण्यासारखी आहे. तेथील तेलशुद्धीकरण व रसायनांच्या कारखान्यांनी परस्पर साहाय्याचा संघ उभारला. एकाकडे आग लागली की दुसऱ्याचे बंब, फेस आणि माणसे निघतात. ऐकण्यास हे सोपे वाटते. परंतु ज्या मालकाने शेजाऱ्याला आपल्या उत्पादनाची रीत कधी सांगितली नाही, त्याने आपल्या आवारात काय, किती आणि कोठे साठविले आहे याची यादी त्याच शेजाऱ्याच्या हाती देणे, हे व्यापाराच्या स्वभावाला सोडून आहे. शिवाय नुसती इच्छा असून भागत नाही. १९०४ साली बाल्टिमोर शहर जळत असताना वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्कहून बंब धावत आले. पण त्यांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. मदतीस आलेली माणसे हातात नळी घेऊन उभी राहिली आणि शहराचा मध्यभाग जळून गेला. शेजाऱ्याची नळी आपल्या नळाला बसते की नाही, हे आधीच एकदा लावून पाहावे लागते.

आपल्या देशात हा विचार रुजला तो भोपाळनंतर. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू पसरला, तेव्हा रुग्णालयातील डॉक्टर हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, असे विचारत होते. तोंडावर ओले फडके धरावे आणि वाऱ्याला आडवे निघून जावे, एवढे दोन शब्दही वस्तीला कोणी आधी सांगितले नव्हते. १९८७ साली कारखाने अधिनियमात नवे प्रकरण घालण्यात आले आणि धोक्याची माहिती कामगारांना, शेजारच्या वस्तीला व स्थानिक संस्थेला देणे धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांवर बंधनकारक झाले. १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम व १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम यांनी आवाराबाहेरचे आपत्कालीन आराखडे आणि जिल्हा व स्थानिक पातळीवरील आपत्ती गट आणले. याच काळात ठाणे-बेलापूर, पाताळगंगा-रसायनी अशा महाराष्ट्रातील औद्योगिक पट्ट्यांत कारखानदारांचे 'म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप' उभे राहिले. त्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'मार्ग' असा अस्सल मराठी शब्द तयार होतो, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. कोणाकडे फेस किती, श्वसनसंच किती, कोणत्या रसायनाचा जाणकार कोण, याची सामाईक नोंद तेथे असते. सराव एकत्र होतात, आणि कोणाकडे काय चुकले हे इतरांना सांगितले जाते. हे शेवटचे काम सर्वांत अवघड.

कायदा पुस्तकात येणे आणि व्यवहारात येणे यांतील अंतर मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. एका जिल्ह्याच्या कचेरीत असताना असाच एक आपत्कालीन आराखडा माझ्या टेबलावरून गेला. बांधणी सुरेख होती आणि नकाशे रंगीत होते. वर्षभराने एका सरावाच्या दिवशी त्यातील दूरध्वनी क्रमांक आम्ही एकेक करून फिरविले. दहांपैकी चार लागले नाहीत, दोन अधिकारी बदलून गेले होते, आणि एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारल्याचे त्यांच्या सुनेने सांगितले. म्हणजे आराखडा मंजूर झाला त्याच दिवशी त्यात एक मृत मनुष्य होता. त्या कागदावर माझीही सही होती. त्या दिवशी सराव होता म्हणून निभावले.

आता आपल्या दाराशी. ६ ऑगस्ट २०२४ च्या रात्री बेळगावजवळील नावगे येथे चिकटपट्ट्या बनविणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि एक तरुण कामगार उद्वाहकात अडकून मरण पावला. आगीच्या वेळी उद्वाहक वापरू नये ही गोष्ट शहरातील मोठ्या इमारतींत पाटीवर लिहिलेली असते. परंतु पाटी लिहिणे निराळे आणि माणसाला जिन्याची वाट पाठ असणे निराळे. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातील आगीत आठ जण गेले. खाली माल व यंत्रे आणि वर कुटुंबाचे राहणे, अशी तेथील रचना होती. आमच्या खासबाग-वडगाव-शहापूर भागातील विणकरांच्या घरांत काही निराळे आहे काय? एकाच छपराखाली माग, सुताची बाचकी, स्वयंपाकाचा गॅस आणि झोपलेली मुले. बाहेर पडण्यास एकच दार, आणि त्यालाही रविवारच्या बाजाराच्या दिवशी बाहेरून दुकान लागलेले. मागाखाली साठणारी तंतूंची पांढरी धूळ ठिणगीला किती वेगाने धरते, हे जुन्या विणकरांना पक्के ठाऊक आहे. ते रोज संध्याकाळी झाडून घेत. ज्यांनी माग विकत घेतले, त्यांना ही झाडण्याची रीत मागाबरोबर मिळाली नाही.

उद्यमबागेचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथील ओतशाळांत लोखंड चौदाशे-पंधराशे अंश तापमानाला वितळविले जाते. अशा रसाखाली पाणी अडकले की त्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळच्या सुमारे सतराशे पट जागा मागते, म्हणजेच स्फोट होतो. ॲल्युमिनियमची जळती भुकटी तर पाण्यापासून हायड्रोजन वायू निर्माण करते. तेथे कोरडी वाळू हवी. ओतकाम करणाऱ्या साध्या कामगाराला हे पहिल्याच आठवड्यात कळते. पण रात्री दोन वाजता बंब घेऊन येणाऱ्या जवानाला दारात उभे राहून हे कोण सांगणार? पहारेकरी नवा असतो आणि मालकाचा दूरध्वनी बंद असतो.

निपाणीची अडचण भूगोलाची आहे. तंबाखूच्या वखारींचे ते गाव बेळगावपासून सत्तरहून अधिक किलोमीटर दूर, आणि कागल मात्र वीसेक किलोमीटरवर. मधली रेषा १९५६ साली आखली गेली. तिच्याविषयी आपल्या घराघरांत काय वाटते, ते येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु मोठी आग लागल्यास दुसरा बंब कोठून मागवावयाचा, त्यासाठी कोणाची लेखी अनुमती लागते, आणि दोन्हीकडील नळ्या एकमेकींना बसतात काय, हे प्रश्न वखार जळत असताना नव्हे, तर एखाद्या निवांत दुपारी दोन्ही केंद्रांच्या अधिकाऱ्यांनी समोरासमोर बसून सोडविण्याचे आहेत.

गेल्या वर्षी उद्यमबागेत एका परिचिताच्या ओतशाळेत गेलो होतो. प्रवेशदाराच्या बाहेरील भिंतीवर खडूने मराठी, कन्नड आणि हिंदीत लिहिले होते : 'भट्टीवर पाणी मारू नये. वाळू डावीकडे. मुख्य खटका खांबामागे.' खाली दोन दूरध्वनी क्रमांक होते. मी विचारले, हे आत न लिहिता बाहेर का लिहिले? वृद्ध फोरमन म्हणाले, "साहेब, आतल्यांना ठाऊक आहे." पावसाने खडू पुसला जातो, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पुन्हा लिहितात, आणि लिहिताना दोन्ही क्रमांक फिरवून पाहतात. शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी ते वाचत उभा होता. आमच्या भिंतीवर काय लिहावे, असे तो त्यांना विचारत होता.