पोथीवाचनाची उमेदवारी

कारखान्यात नवा मुलगा आला की आधी त्याची उमेदवारी होते. तो फिटरच्या हाताखाली हत्यारे ओळखायला शिकतो, मगच यंत्राला हात लावतो. पीएच.डी. करणाऱ्यानेही अशी उमेदवारी करावी, असे आम्ही कामगार चळवळीतल्या, विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसांनी म्हणावे, याचे कोणास हसू येईल. येवो. प्रश्न आमच्या जनाबाईचा आहे.

जनाबाई गंगाखेडची; पंढरपुरास नामदेवांच्या घरी राबणारी. तिचे शब्द टिकले ते कीर्तनकारांच्या तोंडी आणि त्यांच्या बाडांतून. तिच्या हातची वही कोणापाशी नाही. विष्णुदास नाम्याचे अभंग जसे नामदेवांच्या नावावर चढले, तसे मागाहून कोणी 'जनी' म्हणून रचलेले अभंग तिच्या पदरात पडले नसतील असे नाही. मग त्या राबणाऱ्या बाईचे बोल कोणते? केवळ छापील गाथा चाळून प्रबंध लिहिणाऱ्यास याचे उत्तर देता येणार नाही.

हे काम आपल्याकडे नवे नव्हे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून ती शुद्ध केली व पुढे कोणी पदरची ओवी घालू नये म्हणून बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारत हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. चौकटी आखलेल्या कागदावर माथ्याशी श्लोक, एका चौकटीत एक अक्षर, आणि खाली प्रत्येक पोथीत जे निराळे असेल तेवढेच. डोळे फोडणारे काम! सुकथनकरांची कीर्ती सर्वत्र झाली आणि ती योग्यच आहे. पण त्या चौकटी भरणाऱ्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आज त्या चौकटी संगणकावर भरता येतात. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पानाचे छायाचित्र एका बाजूस, वाचन दुसऱ्या बाजूस. खोडलेले, समासात घातलेले, सारे खुणांनी नोंदवायचे. प्रत्येक प्रत आपल्या रूपात शाबूत राहते, आणि संपादकाने काय निवडले व काय टाकले ते वाचकाला पडताळता येते. हिशेब उघडा ठेवण्याची ही रीत आम्हांस फार आवडते.

पण यंत्र वाचून देत नाही. पोथीत शब्द सलग लिहिलेले असतात. 'कामकरी' ही अक्षरे घ्या: ती मजूर म्हणून वाचावी, की 'काम करी' अशी तोडावी? मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद पाळलेला नसतो. हे कळण्यास डोळा घडावा लागतो, आणि तो पोथीवरच घडतो. आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल. दरबारी कागद आधी फारसीत, मग उर्दूत. गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एका लिपीवर भागत नाही. १९९४ पासून नांदेडला विद्यापीठ आहे, अंतर फार नाही. तेथल्या विद्यार्थ्याने विषय नोंदवण्यापूर्वी वर्षभर एक बाड अक्षरशः उतरून काढावे, जुन्या वारकऱ्यापाशी बसून तेच अभंग ऐकावे, आणि मग संगणक उघडावा.

आणि कॅमेरा काढण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी. बाड पुष्कळदा देव्हाऱ्यात असते; ते बाहेर काढायचे की नाही, हे त्या घराने ठरवायचे.