ओसरीवरचा फेरीवाला

चार स्नेही ओसरीवर बोलत बसले असतां फिरत्या कापडवाल्यानें मध्येंच येऊन गाठोडें सोडावें, तसा प्रकार संगणकांच्या जगांत ३ मे १९७८ रोजीं घडला. ‘अर्पानेट’ हें जाळें अमेरिकन संरक्षणखात्याच्या पैशानें संशोधकांसाठीं विणलेलें. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनीं त्यावरील सुमारें ४०० जणांना आपलीं नवीं यंत्रें पाहावयास येण्याचें आमंत्रण एकदमच धाडलें. पत्ते इतके, कीं त्यांची जागा संपून ते मजकुरांत उतरले! कानउघाडणी झाली, पण विक्री वाढली, असें थुर्क पुढें सांगत, आणि आमच्या मतें खरा अनर्थ तोच.

एप्रिल १९९४ मध्यें अ‍ॅरिझोनांतील दोघां वकिलांनीं ‘यूझनेट’च्या हजारों चर्चामंडळांत एकच जाहिरात डकविली. निषेधाच्या पत्रांचा असा भडिमार झाला, कीं त्यांना जोडणी पुरविणाऱ्या कंपनीचीं यंत्रेंच कोलमडलीं. त्या संतापाचें आम्हांस आज कौतुक वाटतें. आपण तेवढे रागावतही नाहीं.

जानेवारी २०१८ मध्यें तर फेसबुकलाच जाहीर करावें लागलें, कीं व्यापाऱ्यांच्या मजकुरापेक्षां आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देऊं. पैसे मोजून दिलेल्या जाहिराती मात्र तेथें तशाच राहिल्या.