होडी सगळ्यांची सारखी, मग जिंकतं कोण?

आजचा विषय डिंगी, म्हणजे एक-दोघांची छोटी शिडाची होडी. ‘वन-डिझाइन’ शर्यतीत सगळ्यांच्या होड्या एकाच नमुन्याच्या असतात. म्हणजे जिंकायचं ते फक्त कौशल्यावर. पण खरंच तसं होतं का?

दोन होड्या बघू. १९५६ची एंटरप्राइझ घरीही बनवता यायची, प्लायवूडची. मापं ठरलेली, पण थोडी सूट असायचीच. तिथे सुताराचा हातही शर्यतीत उतरायचा. १९७१मध्ये लेझर आली, ती फक्त परवानाधारक कारखान्यांतून. ऑलिंपिकमध्ये तर होडी आयोजकच देतात. मग उरतं काय? वारा ओळखणं आणि शरीराचं वजन अचूक वेळी बाहेर झोकणं.

आता आपला इतिहास. १९८२च्या एशियाडमधल्या या शर्यती मुंबईत झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल होडीत सुवर्ण जिंकलं. १९९०मध्ये होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांनी एंटरप्राइझमध्ये कांस्य मिळवलं, पुढे खेलरत्नही. हांगझोला २०२३मध्ये विष्णू सरवणनला कांस्य मिळालं, लेझरमध्येच.

मोतीवाला, गर्ग नौदलाचे. तारापोर, सरवणन लष्कराचे. हा योगायोग नाही. तिथे होडी असते, प्रशिक्षक असतो, रोजचा सराव असतो.

म्हणून माझं मत असं: शर्यत सुरू झाली की कौशल्य मोठं, पण ते कौशल्य यायला आधी होडी हातात लागते. आमच्या पुणतांब्याला गोदावरी आहे, पोहणारी पोरंही आहेत. त्यांना पहिली डिंगी कोण देणार?