गृहरचना, आधुनिक
साधारणतः १९४५ ते १९७० या काळात जगभर प्रसृत झालेली घरबांधणीची व अंतर्गत मांडणीची शैली. अलंकरणाचा त्याग, उपयुक्ततेनुसार आकार, परस्परांत मिसळणाऱ्या खोल्या, रुंद खिडक्या आणि घर व भोवतालचा परिसर यांतील सलगता ही तिची प्रमुख लक्षणे होत. जर्मनीतील बौहाउस (१९१९–३३) या कलाशिक्षणसंस्थेत व ल कॉर्ब्यूझ्ये यांच्या विचारांत तिची मुळे आढळतात. प्रबलित काँक्रीटमुळे इमारतीचा भार स्तंभांवर पडू लागला, भिंती भारमुक्त झाल्या आणि घराची मांडणी मोकळी करणे शक्य झाले. लॉस अँजेल्स येथील चार्ल्स व रे ईम्स यांचे घर (१९४९) हे या शैलीचे प्रसिद्ध उदाहरण असून त्यात कारखान्यात तयार झालेले पोलादी भाग वापरले आहेत.

महाराष्ट्रात ही शैली जशीच्या तशी रुजणे शक्य नव्हते. कोकणपट्टीतील कडक ऊन व मुसळधार पाऊस यांत काचेच्या भिंती गैरसोयीच्या ठरतात. येथील जुन्या घरांत ओटी, पडवी, अंगण व उतरती छपरे यांची योजना हवामानास अनुसरून झालेली होती. मुंबईत १९५८ मध्ये व्यवसायास प्रारंभ करणारे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी आधुनिक रचनेची या परंपरेशी सांगड घातली. उष्ण प्रदेशात आकाशाखालील मोकळी जागा ही खोलीइतकीच उपयुक्त असते, हे त्यांचे मुख्य सूत्र होय. मुंबईतील ‘कांचनजंगा’ या उत्तुंग इमारतीत (१९७०–८३) त्यांनी कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या ठेवून व्हरांड्याचे तत्त्व उंचावर नेले.

ठाणे जिल्ह्यातील बेलापूर येथे सिडकोसाठी उभारलेल्या वसाहतीत (१९८३–८६) हेच सूत्र अल्प उत्पन्न गटापर्यंत पोहोचले. सुमारे सात घरांचा समूह एका चौकाभोवती, असे तीन समूह मोठ्या चौकाभोवती, अशी ही रचना आहे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नसल्याने प्रत्येक कुटुंबास आपले घर सोयीनुसार वाढविता येते. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ घरे पाडून तेथे बहुमजली घरे बांधली. त्यामुळे मूळ वास्तूंपैकी पुष्कळशा नष्ट झाल्या. चौकांची मांडणी मात्र ओळखता येते.

या शैलीचे आकर्षण आजही टिकून आहे; तथापि ते पुष्कळदा निमुळत्या पायांच्या खुर्च्या, साध्या लाकडी कपाटांसारख्या वस्तूंपुरते मर्यादित राहते. कल्याणच्या पुढे काळू नदीकाठच्या टिटवाळ्यापर्यंत उपनगरी वस्ती पसरली असून या पट्ट्यात जागा महाग होत गेल्याने गॅलरी बंद करून खोली वाढविण्याची प्रथा रूढ झाली आहे. त्यात कुटुंबाची निकड असते, परंतु उजेड व वारा कमी होतो. या शैलीचे खरे सामर्थ्य वस्तूंच्या घाटात नसून अल्प जागेतही आकाशाचा काही भाग घरास मिळवून देण्यात आहे, हे बेलापूरच्या चौकांवरून स्पष्ट होते.