उबेचा हिशोब: सावर, गोधडी आणि डाऊन

आजचा भाग सुरू होतो कोलाडला, कुंडलिकेच्या काठावर. भिऱ्याचं वीजकेंद्र 1927 सालचं. तिथून सकाळी पाणी सुटतं आणि त्यावर इथलं राफ्टिंग चालतं. डिसेंबरात आम्ही तिथे तंबू ठोकले होते. मी नुकतीच एक जुनी डाऊनची रजई विकत घेतली होती. डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छातीवरची, दांडी नसलेली मऊ लव. रात्री सहज रजईमागे टॉर्च धरला, तर कुठे लख्ख उजेड, कुठे काळे ठिपके, कुठे गोळे. म्हटलं, गेले पैसे! विकणाऱ्याला रागाचा मेसेज लिहिलासुद्धा. नेटवर्क नव्हतं म्हणून तो गेला नाही. बरंच झालं.

घरी आल्यावर या डाऊनचा इतिहास वाचत बसलो. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाच्या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात डाऊन भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकरीत, ट्वीडमध्ये. हा एकटाच फुगलेला, त्यामुळे आधी चेष्टा झाली. पण तो सुमारे 27,300 फुटांपर्यंत पोचला, आणि थंडीत कोटाने काम चोख केलं. पुढे अमेरिकेत एडी बाउअर मासेमारीला गेला असताना थंडीने मरता मरता वाचला. त्याने 1936 मध्ये डाऊनचं जाकीट बाजारात आणलं, 1940 मध्ये पेटंट मिळवलं.

आता गंमत बघा. ऊब लवेत नसते, लवेत अडकलेल्या हवेत असते. म्हणून डाऊनची प्रत फुगण्यावरून मोजतात: एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम डाऊन किती घनइंच जागा व्यापतं. 800 आकडा असेल तर 28 ग्रॅममध्ये सुमारे 13 लिटर, 550 असेल तर 9 लिटर. रंगाचा यात काही संबंध नाही. माझे काळे ठिपके म्हणजे करड्या पक्ष्याची लव, पातळ कापडातून दिसलेली. बोटाला टोचणाऱ्या दांड्या लागल्या तर मात्र समजावं की आत साधी पिसं मिसळली आहेत. लख्ख उजेडाची जागा म्हणजे तिथून लव सरकलेली; हाताने ढकलून परत आणता येते. आणि गोळे? ते दमटपणाचे. नदीकाठी दव पडतं, लव भिजते, चिकटते, हवा निघून जाते. कॅम्पिंगच्या रजईला खालची बाजू नसते, तेही याच हिशोबाने: अंगाखाली दबलेली लव ऊब देतच नाही.

हे सगळं वाचताना वाटलं, अरे, हे तर आपल्याकडे पिंजाऱ्याला माहीत होतं! तो दारावर यायचा, धनुकलीची तात कापसावर ठोकायचा आणि दबून कडक झालेली गादी पुन्हा फुगवून द्यायचा. नवीन कापूस फारसा लागायचाच नाही; तो फक्त हवा परत भरत होता. गोधडीतही तेच, जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये धरलेली हवा.

आणि कोकणात तर सावर होतीच. सावरीचा कापूस इतका आखूड आणि गुळगुळीत की त्याचं सूत निघत नाही, म्हणून तो उशांत जायचा. तंतू आतून पोकळ, वर मेणाचा पातळ थर, त्यामुळे पाणी चटकन शिरत नाही. तिच्याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, कपोक, दोन्ही महायुद्धांच्या काळात लाइफ जॅकेटमध्ये भरत असत. कोलाडला राफ्टमध्ये बसताना आपण फोमचं जॅकेट घालतो, त्याचा हा पूर्वज.

रजई मी दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकली, मधूनमधून झटकली, बोटांनी गोळे सोडवले. फुगली. मेसेज पुसून टाकला.

एक गोष्ट मात्र राहून गेली. दोन वर्षांपूर्वी घर बदलताना आजीची सावरीची उशी मीच कचऱ्यात टाकली होती. कारण काय, तर आत गोळे झालेत. आजी एवढंच म्हणाली होती, "अरे, उन्हात टाकून पिंजली असती." तेव्हा मी ऐकलं नाही. तुमच्या माळ्यावर अशी एखादी उशी असेल, तर टाकण्याआधी एकदा ऊन दाखवा. भेटू पुढच्या भागात.