किनाऱ्याची कायदेशीर सीमा

समुद्रतीरी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या समाजास भरतीची रेघ नवी नव्हे. उधाणाचे पाणी कोठवर चढेल, हे आपले वडीलधारे पंचांगावाचूनही सांगत. पुढे याच रेघेवरून कायद्याने किनाऱ्याची सीमा आखली. तो इतिहास प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, कमाल भरतीच्या पाण्यापासून किमान ५०० मीटर किनारा मोकळा राखावा, असे कळविले. परंतु पत्र म्हणजे कायदा नव्हे. १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला, व त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिवरांच्या वनांस तीत सर्वाधिक संरक्षण मिळाले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामास सामान्यतः मनाई झाली.

मात्र ही सीमा स्थिर राहिली नाही. १९९४ साली नद्या-खाड्यांच्या काठची मर्यादा १०० मीटरांवरून ५० मीटर करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९६ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरविली, आणि किनाऱ्याचे आराखडे वेळेत न करणाऱ्या राज्यांस ते करण्यास बजावले. पुढे १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत २०० मीटरांची मर्यादा ५० मीटरांवर आणली.

या घडामोडींत २०११ ची अधिसूचना आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. किनाऱ्याच्या आराखड्यांत मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने व मासळी वाळविण्याच्या जागा नकाशावर दाखवाव्यात, असे तीत सांगितले होते. मुंबईचे कोळीवाडेही १९८१ च्या विकास आराखड्यात वा शासनाच्या अन्य नोंदींत असतील, तर त्यांनाच तीत स्वतंत्र स्थान मिळाले.

याचे तात्पर्य उघड आहे. होड्या ओढण्याची व मासळी सुकविण्याची वाळू सर्वांची असते; तिचा सातबारा कोणा एकाच्या नावे नसतो. म्हणूनच जी जागा नकाशावर नाही, ती उद्या मोकळी व बेवारस समजली जाण्याचे भय आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागविल्या जातात. आपले म्हणणे त्या मुदतीत लिहून देता येते, तसेच जनसुनावणीतही मांडता येते.

वडिलांनी भरती ओळखण्यास शिकविले; आता सुशिक्षित तरुणांनी नकाशा वाचण्यास शिकावे, व आपल्या गावची प्रत्येक सामाईक जागा त्यावर आहे की नाही हे स्वतः पाहावे, एवढीच सर्व ज्ञातिबांधवांस विनंती आहे.